हॉलची वही

डिसेंबरचं पान उघडलं की आधी पेन्सिल.
शाई पैसे भरल्यावर.
एकवीस वर्षं हाच नियम चालवला मी
घुमटामागच्या या खिडकीत,
जिथे पावत्या गुजरातीत फाडते
आणि रागावते मराठीत.

दोन तारीख, मंगळवार. तबला, तिसरं वर्ष, परीक्षा सर्वांसाठी खुली.
सर्व म्हणजे मुलांच्या आया
आणि एक मामा, जो दरवर्षी येतो,
दरवर्षी वेगळ्याच मुलाचा.
पाच तारीख, रक्तदान. बिस्किटं बँकेची.
सहा-सात, एकांकिका.
त्यात मराठी दोन. दोन्हींत शेवटी कुणीतरी मरतं,
मग स्टेजवर लाल रंग, मग खुमानभाईंची कुरकुर,
मग रॉकेल.
बाराला निवृत्तांचं स्नेहसंमेलन:
माईक दोन, खुर्च्या दीडशे,
उंधियु बाहेरून येणार, तेल टिपायला रद्दी आमची.

वीस तारीख, शनिवार.
फॅशनवाल्यांचा रॅम्प, दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत.
शाईत. पैसे जमा.

त्याच तारखेवर बोट ठेवून तो उभा राहिला.
रिगझिन, भूगर्भशास्त्र, दुसरं वर्ष,
खिशात दगड असल्यासारखा एका बाजूला कललेला.
म्हणाला, मॅडम, आमचं नवीन वर्ष आहे.

या वहीत मी पाडवा लिहिलाय, बेसतुं वर्ष लिहिलंय,
नवरोज तर दोनदा.
वाटायचं, सुरू होणारी सगळी वर्षं माझ्या ओळखीची.
कितीजण, विचारलं.
सात.
हॉल तीनशेचा आहे, म्हटलं, अनामत पाच हजार.
तो हसला नाही. जागचा हललाही नाही.

म्हणाला, लेहला पाणी गोठलं की कळतं, दिवस जवळ आला.
इथे मोजत बसावं लागतं.
खरंच आहे. आमची विश्वामित्री काय गोठणार,
तिच्या काठावर मगरी डिसेंबरात
ऊन खात पडलेल्या असतात, पेन्शनरांसारख्या.

आणि दिवे लावायचेत, म्हणाला. थोडेसेच. तुपाचे.

नियम अकरा: सभागृहात व परिसरात ज्योत पेटवू नये.
हा नियम मीच टाईप केलाय.
त्याच्या खाली तीच समई उभी असते
जी मजमुदार मॅडम प्रत्येक उद्घाटनाला लावतात.
ती चालते. ती फोटोत येते.

त्या रात्री डाळीत गूळ घालताना
उगाच आठवत राहिलं,
तो म्हणाला होता, चहात आम्ही मीठ घालतो.

सकाळी वही उघडली.
खोली चार, मागची, जिथे तानपुरे
गवसण्या घालून भिंतीला टेकलेले असतात.
वीस तारीख, सहा ते नऊ.
प्रयोजन: वाद्यांची सफाई.
व्यक्ती: ७.
पेन्सिल न घेता, सरळ शाईने.
अक्षर जरा हललं. पैशाच्या रकान्यात आडवी रेघ.

खुमानभाई किल्ल्या घ्यायला आले तेव्हा
वही उलटी वाचत होते. त्यांना उलटीच वाचता येते,
खिडकीपलीकडे उभं राहून आयुष्य गेलं.
बेन, म्हणाले, सफाईला सात पोरं?
ने घीनो डब्बो शाने माटे? तो पोरगा ठेवून गेलाय माझ्याकडे.

तानपुऱ्यांना लागतं, म्हटलं.

त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून
चार नंबरची सोडवली, वरच्या खिशात घातली.
वाळूच्या बादल्या आहेत दोन, म्हणाले, भरून ठेवतो.
आणि दाराशी गेल्यावर, पाठमोरेच,
आठ लिहा.

शाई खोडायची पहिलीच वेळ.
सातावर आठ गिरवला. तो नीट बसला नाही.
मग थोडा वेळ पेन हातात तसंच.
मग नऊ.

आता तिथे नुसता एक डाग आहे,
ऑडिट मार्चमध्ये.